काचेचा पेला आणि माणसाचा चेहरा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी परमिट रूमचा उंबरठा कधी ओलांडला नसेल; निदान ओलांडल्याचे ते घरी सांगत नसतील. त्यामुळे मद्यालयातला पेला काचेचा असावा की प्लास्टिकचा, हा प्रश्न या स्तंभात, आणि तोही पहिल्या पानावर, का यावा असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, केळीवरचा करपा, तापीचे पाणी, महामार्गावरची वाहतूक हे खानदेशचे प्रश्न होत. पेल्याचा कसला आला आहे प्रश्न? असे म्हणणाऱ्यास आमचे एवढेच सांगणे आहे की, शनिवारी रात्री अकरानंतर त्यांनी एखाद्या रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या बाकावर तासभर बसावे. महामार्गावर जखमी झालेले येतात, सर्पदंशाचे येतात, आणि त्यांच्याच मागोमाग गालाला रक्ताने भिजलेला रुमाल दाबून धरलेला एखादा तरुण येतो. त्याच्याबरोबरचे मित्र ‘पडला’ म्हणून सांगतात. गालावरची जखम कानापासून ओठापर्यंत सरळ गेलेली असते. पडून अशी जखम होत नाही, हे टाके घालणाऱ्यास ठाऊक असते आणि कागदावर ‘पडला’ असेच लिहिले जाते.

या तरुणावर हल्ला करणारा बहुधा गुंड नसतो. तो चाकू घेऊन आलेला नसतो. सायंकाळी तो घरून निघाला तेव्हा कोणाला मारण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. शब्दाने शब्द वाढला, धक्काबुक्की झाली, आणि त्या क्षणी त्याच्या हातात जे होते तेच त्याने चालविले. त्याच्या हातात जर काही नसते तर मूठ बसली असती, फार तर एखादा दात पडला असता, आणि आठवड्याने दोघे पुन्हा एकाच टेबलाशी बसलेले दिसले असते. पण त्याच्या हातात काच होती. एकाचा चेहरा जन्माचा विद्रूप झाला आणि दुसऱ्याच्या नावावर खटला लागला. भारतीय न्याय संहितेच्या ११६व्या कलमात जबर दुखापतीचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत डोळ्याची दृष्टी जाणे आणि डोक्याला वा चेहऱ्याला कायमची विद्रूपता येणे हे दोन्ही आहेत. आणि कापण्याच्या साधनाने अशी दुखापत केल्यास ११८वे कलम जन्मठेपेपर्यंत पोहोचते. दोन संसारांची ही वाताहत एका पेल्याच्या अंतरावर असते.

क्षुल्लक कारणावरून काय घडू शकते, हे धुळे शहरास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजार भागातील एका हॉटेलात बिलाच्या किरकोळ रकमेवरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचे प्राण गेले. ते मद्यालय नव्हते. त्या दंगलीची कारणे कोणा एका टेबलावर शोधणे हा शुद्ध मूर्खपणा ठरेल, आणि तो करण्याची आमची इच्छा नाही. त्या दिवसाची आठवण आम्ही काढतो ती एवढ्याचसाठी की, भांडणाची पहिली पाच मिनिटे कशी जातात यावर पुढचे सारे अवलंबून असते. त्या पाच मिनिटांत रक्त सांडले नाही तर मध्यस्थांना वाव राहतो. रक्त सांडले की मध्यस्थ मागे सरतात आणि मोजणीची भाषा सुरू होते.

सणासुदीच्या दिवसांत आमचे जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमान्वये आदेश काढतात. सोटे, भाले, सुरे, दगड किंवा फेकण्याजोगी अन्य वस्तू बाळगण्यास वा जमविण्यास त्यायोगे मनाई होते. त्या आदेशांमागे अनुभव आहे. मुंबईच्या जुन्या दंगलींचे वृत्तान्त ज्यांनी वाचले असतील त्यांना दगडांच्या जोडीला सोडावॉटरच्या बाटल्या आठवतील. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास पेटंट घेतलेली ती गोटीची जाड बाटली उन्हाळ्यात आमच्या पोरांची तहान भागवीत असे आणि दंगलीत बाँबचे काम करीत असे. काच हे शस्त्र होऊ शकते, हे सरकारला अशा रीतीने शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. रस्त्यावर मात्र तिला मज्जाव, आणि जेथे माणसे तासन्‌तास मद्य घेत बसतात, तेथे प्रत्येक टेबलावर ती सन्मानाने मांडलेली! या विसंगतीचे समर्थन कोणी करून दाखवावे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. ग्लासगो या स्कॉटलंडमधील शहराच्या परवाना मंडळाने २००६ साली रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या नाइटक्लबांतून काचेची भांडी काढावयास लावली. पुढे तेथे जाऊन ज्यांनी निरीक्षण केले, त्यांना भांडणे थांबल्याचे दिसले नाही. पण जेथे सारे काही प्लास्टिकचे होते तेथे भांडणातून गंभीर जखमा होण्याचा धोका कमी झालेला दिसला. आमच्या मते हाच या उपायाचा प्रामाणिक हिशेब आहे. पेला बदलल्याने माणूस बदलत नाही. त्याच्या रागाची किंमत तेवढी कमी होते.

त्याच देशातला दुसरा अनुभव मात्र आमच्या उत्साही सुधारकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कार्डिफ येथील मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जोनाथन शेफर्ड यांनी फुटक्या काचेने फाटलेले चेहरे शिवता शिवता या विषयाचा पिच्छा पुरविला. साधी काच फुटली की तिच्या लांब, सुरीसारख्या चिरफळ्या होतात. तापवून एकदम थंड केलेली कडक काच फुटली तर तिचा बारीक खड्यांसारखा चुरा होतो. तेव्हा मद्यालयांत कडक काचेचे पेले दिले की प्रश्न मिटला, असे कोणासही वाटेल. शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे गृहीत न धरता ५७ मद्यालयांत प्रत्यक्ष चाचणी घेतली आणि २००० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो उलटा निघाला. कडक काच वापरणाऱ्या ठिकाणी नोकरांना जखमा अधिक झाल्या, कारण बाजारात ‘कडक’ म्हणून विकलेले ते पेले आघात सोसण्यात साध्या पेल्यांपेक्षाही कच्चे होते. ‘अनब्रेकेबल’ असे छापलेल्या खोक्यातील पेला पहिल्याच धुण्यात ज्यांच्या घरी फुटला असेल, त्या गृहिणींना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. ब्रिटिश गृहखात्याने २०१० मध्ये आतून राळेचा पातळ थर दिलेला एक आणि मोटारीच्या समोरच्या काचेसारखा दुपदरी असा दुसरा, असे नमुन्याचे पेले जगासमोर ठेवले. ते आमच्या बाजारात येण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडे वळू. नाइटक्लब ही मुंबई, पुणे आणि गोव्याची चीज. जळगाव-धुळ्यात परमिट रूम आहे, बिअर बार आहे, देशी दारूचे दुकान आहे आणि महामार्गाच्या कडेचा ढाबा आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांस छेदतात. तिसरा सोलापूरकडे जातो. तेथे थांबणारा गिऱ्हाईक अनोळखी असतो. त्याला कोणी काका म्हणत नाही, त्याच्या वडिलांना कोणी ओळखत नाही. गावातल्या बैठकीत जी भीड भांडण आवरते ती येथे नसते. म्हणून या ठिकाणांचा विचार प्रथम व्हावयास पाहिजे.

विलायतेची नक्कल करणाऱ्यांना आणखी एक फरक दिसत नाही. तेथे बिअर पिंपातून पेल्यात ओतून मिळते आणि माणसाच्या हातात पेला असतो. आपल्याकडे सहाशे पन्नास मिलिलिटरची जाड काचेची बाटलीच टेबलावर येते आणि रिकामी झाल्यावरही तेथेच राहते. किती रिचवल्या याचा हिशेब बिलाच्या वेळी बाटल्या मोजून करण्याची सोय मालकाला वाटते, आणि गिऱ्हाइकाला त्या रांगेचा अभिमान वाटतो. मानेला धरून टेबलाच्या कडेवर आपटली की बाटलीचे जे होते ते पेल्याचे कधीच होत नाही. तेव्हा पेले प्लास्टिकचे करून बाटल्या जागच्या जागी ठेवणे म्हणजे म्यान काढून घेऊन तलवार ठेवण्यासारखे आहे. आमची पहिली मागणी पेल्याविषयी नाहीच. बाटली वाढप्याने टेबलाशी आणून फोडावी, ओतावी आणि परत न्यावी. मोजदाद कागदावर ठेवावी. याला एक पैचा खर्च नाही. डब्यातली बिअर बाजारात मिळतेच. उशिराच्या वेळी, आणि वर्षअखेरीस पहाटेपर्यंत दुकाने उघडी ठेवण्याची मुभा ज्या रात्री मिळते त्या रात्री, बाटलीऐवजी डबाच द्यावा.

राहिला पेला. येथे जळगावकरांच्या मनात एक विचार येणे अपरिहार्य आहे. प्लास्टिक म्हणजे आमचे घरचे! भवरलाल जैन यांनी ज्या पाइपांनी शेतात पाणी नेले ते पाइप प्लास्टिकचे, आणि देशभर अंथरली जाणारी जळगावची चटई प्लास्टिकची, तीही पुष्कळदा टाकाऊ मालातून पुन्हा केलेली. ज्या गावाने कचऱ्यातून चटई विणली त्या गावाने पेला का करू नये? प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर पेला कोणता यावर आहे. एकदा वापरून फेकावयाचा पातळ पेला हा मार्ग कायद्यानेच बंद केला आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशा पेल्यांवर, ताटल्यांवर आणि वाट्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी तिची तरतूद. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारची बंदी तिच्या जोडीला आली. देशी दारूच्या दुकानांच्या आसपास ते पेले आजही पायाखाली कुरकुरतात, ही गोष्ट वेगळी. ती आमच्या अंमलबजावणीची कीर्ती आहे. पण सुरक्षिततेच्या नावाखाली तोच पेला पुढच्या दाराने आत आणण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. उष्टा, चिकट, पातळ पेला वेचणाऱ्यालाही परवडत नाही. तो चटईपर्यंत पोहोचत नाही. गटारात पोहोचतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटाराचे पाणी घरात पोहोचवितो.

जाड, पुन्हा पुन्हा धुवून वापरता येणारा प्लास्टिकचा पेला ही वेगळी वस्तू आहे. तिला कायद्याची आडकाठी नाही. ती पडली तरी फुटत नाही, फुटली तरी सहसा सुरी होत नाही. तिचेही दोष आहेत. घासून घासून ती धुरकट होते, ओरखड्यांत घाण साचते, आणि अशा काही प्लास्टिकांतून उतरणाऱ्या द्रव्यांविषयी शास्त्रज्ञांनी शंका घेतलेल्या आहेत. पण या साऱ्या वादात आमच्या विद्वानांना एक गोष्ट सुचत कशी नाही, याचेच आम्हांस नवल वाटते. प्रत्येक मराठी घराच्या मांडणीवर उभे असलेले, लग्नात आहेर म्हणून नाव कोरून दिलेले, पाहुण्याला पाणी देताना प्रथम हाताशी येणारे भांडे कोणते? स्टीलचा पेला! तो फुटत नाही, वितळत नाही, उकळत्या पाण्याने धुता येतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि शेवटी मोडीत घातला तर पैसे देऊन जातो. कोणी तो फेकून मारला तर टेंगूळ येईल, कदाचित खोकही पडेल. पण गाल उघडा पडणार नाही. ग्लासगोच्या परवाना मंडळापुढे हा पर्याय नव्हता, कारण ग्लासगोत लोक स्टीलच्या पेल्याने पाणी पीत नाहीत. आपल्याकडे तो हाताशी असताना आपण काच की प्लास्टिक असा उसना वाद घालत बसलो आहो.

यावर रसिकांचा आक्षेप येईल की, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि मापाची खात्री पटत नाही. मापाचा आक्षेप खरा आहे. तो मापाचे भांडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ओतून दूर करता येतो, आणि तसे केल्यास मापात पाणी घालणाऱ्या मालकांचीच पंचाईत होईल. रंगाचा आक्षेप आम्ही रंग पाहणाऱ्यांवर सोपवितो. घरगुती समारंभाला, दुपारच्या जेवणाला, कुटुंबे बसतात अशा उपाहारगृहांना काच राहू द्यावी; तेथे कोणी कोणाचा गाल कापीत नाही. निर्बंध हवा तो वेळेचा आणि जागेचा. रात्री नऊनंतर आणि महामार्गाच्या आश्रयाने चालणाऱ्या मद्यालयांत सर्व वेळ काच नको, एवढाच आमचा आग्रह आहे.

काचेविषयी मराठी माणसाच्या मनात एक हळवा कोपरा आहे, तो आम्ही जाणतो. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. लोकमान्यांचे पाठबळ त्याला होते. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने प्रभाकर कंदील घरोघर पोहोचविला, आणि त्याच्या उजेडात खानदेशच्या कितीतरी पोरांनी अभ्यास केला. स्वदेशी काच ही एके काळी तपश्चर्या होती. त्या कंदिलाच्या काचेचा आम्ही अपमान करीत नाही. घरातल्या कंदिलाची काच तडकली तर आई त्या रात्री पोरांना चपला घालून चालावयास लावीत असे. काचेशी कसे वागावे हे त्या माउलीला ठाऊक होते. परमिट रूममध्ये अशी आई नसते.

तेथे असतो तो पेले विसळणारा पोऱ्या. या वादात त्याचे नाव कोणी घेत नाही. दारूच्या भांडणात चेहरा कापला गेला तर निदान पोलिसांत नोंद होते. मोरीच्या गढूळ पाण्यात हात घालताच तडकलेल्या पेल्याने बोट कापले तर हळदीची चिमूट दाबून तोच हात पुन्हा पाण्यात जातो. वाढप्यांच्या तळहातांवरील व्रण कोणी मोजलेले नाहीत. शेफर्ड यांच्या चाचणीत ज्यांच्या जखमा मोजल्या गेल्या ते मद्यपी नव्हते, नोकर होते, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. भांडण आठवड्यातून एकदा होत असेल. विसळणे रोजचे आहे. केवळ या हातांसाठीही आम्ही काच बाहेर काढण्याचा आग्रह धरला असता.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो सज्जनांकडून येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, दारूच वाईट आहे. तिचा पेला सुरक्षित करणे म्हणजे तिला प्रतिष्ठा देणे. खानदेशच्या तोंडी हा आक्षेप शोभतो. सातपुड्याच्या पायथ्याशी गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस भिल्ल समाजात आरतीचा आणि व्यसनमुक्तीचा जो मार्ग घालून दिला, तो कोणत्याही सरकारी खात्याचा नव्हता. आमच्या राज्यात बाटलीने निवडणूकही लढविली आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी; निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीला मत दिले की दुकान बंद. कित्येक गावांत बायकांनी रांगा लावून बाटली आडवी केली आहे, आणि त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहो. पण आम्ही त्या सज्जनांस विचारतो, जेथे बाटली अद्याप उभी आहे तेथे काय करावे? मुंबई राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली. ती पुढे सैल होत होत गेली. चंद्रपुरात २०१५ साली आणलेली बंदी २०२१ साली उठली. ज्या कायद्याखाली आज मद्यविक्रीचे परवाने दिले जातात त्याचे नाव अजूनही दारूबंदी अधिनियम असेच आहे! नाव बंदीचे आणि काम परवान्याचे, अशा राज्यात आपण राहतो. दारू सोडविण्याचा प्रयत्न जन्मभर चालू द्यावा. तोवर दारुड्याच्या बायकोला नवऱ्याचा डोळा तरी शाबूत मिळू द्यावा.

आणि शासनाला तर या बाबतीत तटस्थ राहण्याचा अधिकारच उरलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले आणि त्यातून वर्षाकाठी चौदा हजार कोटी रुपये अधिक मिळतील असा अंदाज सांगितला. तिजोरी ज्या पेल्यातून भरते त्या पेल्याच्या कडेविषयी तिजोरीच्या मालकाने बेफिकीर राहावे काय? मद्यालयांचे चालक म्हणतील की, करांनी आम्ही आधीच पिळून निघालो आहो. १४ जुलै २०२५ रोजी त्यांनी याच कारणासाठी राज्यभर बंद पाळला. त्यांची तक्रार आम्ही सर्वस्वी खोटी म्हणत नाही. पण फुटलेल्या पेल्यांच्या बदली नवे पेले त्यांना दर महिन्याला घ्यावेच लागतात. न फुटणारा पेला हा कर नव्हे, काटकसर आहे. शासनाला खरोखरच मदत करावयाची असेल तर पहिल्या वर्षीच्या परवाना शुल्कात पेल्यांपुरती अल्प सूट द्यावी आणि दुसऱ्या वर्षापासून अट कडक करावी.

अटींतून पळवाटा कशा निघतात हेही जळगावास ठाऊक आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असा निर्णय दिला, तेव्हा मद्याची दुकाने हलविण्याऐवजी रस्त्यांचे नाव बदलण्याची शक्कल निघाली. जळगाव शहरातून जाणारे रस्ते राज्यमार्गाच्या यादीतून उतरवून महापालिकेच्या पदरात टाकण्याचा खटाटोप झाला आणि नागरिक त्याविरुद्ध रस्त्यावर आले. पुढे नगरपालिका हद्दीपुरती न्यायालयानेच सूट दिल्याने तो वाद विरला. पण परवाना वाचविण्यासाठी रस्त्याचे बारसे करणारी बुद्धी पेल्याच्या अटीलाही एखादी पळवाट शोधील, हे गृहीत धरूनच अट लिहिली पाहिजे. ‘काचेची भांडी शक्यतो टाळावीत’ असे मोघम परिपत्रक नको. कोणत्या जागी, किती वाजल्यापासून, कोणते भांडे चालेल, रिकामी बाटली किती वेळात उचलली पाहिजे, हे परवान्याच्या पाठीवर छापलेले असावे. कमला मिलच्या उपाहारगृहांत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री चौदा माणसे गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईभर हातोडे फिरू लागले. त्या आधीचे नियम कागदावर नव्हते असे नाही. ते वाचण्यासाठी चौदा चितांचा उजेड लागला.

मद्यालयाच्या दाराबाहेर पडलेल्या बाटलीचे काय, हे विचारल्याशिवाय मात्र हा विषय संपत नाही. मद्यालयात पेला बदलला तरी बाटली घेऊन बांधावर, नदीकाठी, डोंगराच्या वाटेवर बसणारा वर्ग मोठा आहे. तो उठून जातो आणि काच मागे राहते. सकाळी त्याच बांधावर अनवाणी पाय पडतात, बैलाचे खूर पडतात, शाळेला जाणाऱ्या पोरांचे पडतात. येथे तमिळनाडूचा धडा उपयोगी आहे. निलगिरीच्या जंगलात फुटक्या बाटल्यांनी वन्य प्राण्यांचे पाय कापू लागले तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले आणि २०२२ पासून तेथे बाटलीमागे दहा रुपये अधिक घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. दहा रुपयांसाठी माणूस बाटली सांभाळून आणतो. त्याने नाही आणली तर दुसरा कोणी वेचून आणतो. हत्तीच्या पायासाठी जे होऊ शकते ते यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात काम करणाऱ्या मजूर बाईच्या पायासाठी व्हावयास काय हरकत आहे? राज्य उत्पादन शुल्क विभागाने हा प्रयोग सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत प्रथम करून पाहावा.

मद्यविक्रीच्या परवान्यांचे नूतनीकरण दर वर्षी ३१ मार्चपूर्वी होते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ते काम आहे. राज्यभराच्या धोरणाची वाट न पाहता सुरक्षिततेची ही अट त्यांना परवान्यात कशी घालता येईल, याचा विचार त्यांनी आजच सुरू करावा, म्हणजे मार्चच्या गर्दीत तो बुडणार नाही. त्याच वेळी दोन्ही जिल्ह्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी एक लहानशी गोष्ट करावी. कार्डिफमध्ये अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येक मारहाणीच्या जखमेबाबत ती कोठे झाली, केव्हा झाली आणि कशाने झाली एवढेच, रुग्णाचे नाव न घेता, टिपून ठेवण्याची प्रथा शेफर्ड यांनी पाडली आणि ती माहिती पोलिसांपर्यंत पोहोचू लागली. कोणत्या गल्लीत, कोणत्या दुकानासमोर पहारा वाढवावा हे त्यांना त्यावरून कळू लागले. आमच्या नोंदवहीत नाव असते, गाव असते, जात असली तरी आश्चर्य नाही. ‘कशाने’ या शब्दाचा रकाना मात्र तिच्यात आखून घ्यावा, आणि तेथे ‘पडला’ असे लिहिण्यापूर्वी टाके घालणाऱ्यास एकदा विचारावे.